डावीकडची खिडकी

पासपोर्ट कुठे आहे हे बालवाडीच्या बाईंना लख्ख आठवलं, आणि त्यामुळेच त्यांना घाम फुटला. काउंटरवरच्या मुलीनं हात पुढे केलेला होता. लेक पर्सचे कप्पे उलटेपालटे करत होती. बाईंना मात्र सकाळचं स्वयंपाकघर दिसत होतं. टेबल, टेबलावर यजमानांची कॅमेऱ्याची काळी बॅग, आणि तिच्या पुढच्या कप्प्यात पासपोर्ट सरकवणारा एक हात. तो हात बाईंचा होता.

"आई, मी तुझ्याकडे दिला होता ना?"

"हो."

"मग?"

"बाबांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत आहे."

"बाबांनी ठेवला?"

खोटं बोलायची ही नामी संधी होती. यजमान जवळ नव्हते आणि त्यांच्यावर घातलेला आळ घरात कुणालाही खरा वाटला असता. पण रोज सकाळी तीस पोरांकडून 'नेहमी खरे बोलावे' म्हणवून घेणाऱ्या बाईला ऐनवेळी जीभ साथ देत नाही. "मी ठेवला," त्या म्हणाल्या.

त्यामागचा विचार तसा चुकीचा नव्हता. त्यांच्या घरात सगळ्या वस्तू हरवतात. किल्ल्या हरवतात, छत्र्या हरवतात; यजमानांचं चष्म्याचं दुकान असूनही घरात वेळेला चष्मा सापडत नाही. कधीही न विसरली जाणारी वस्तू एकच, ती बॅग. तेव्हा सर्वांत मोलाचा ऐवज तिच्यातच ठेवला पाहिजे, असं बाईंनी सकाळी चहा गाळता गाळता ठरवलं. ती बॅग काउंटरपर्यंत येणार नाही, एवढंच त्यांच्या हिशेबात बसवायचं राहिलं.

बॅग येणार नव्हती, कारण तिचा मालक येणार नव्हता. यावरून आदल्या दिवशी घरात चांगलीच जुंपली होती.

चष्मेवाले आठवडाभर दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघत असत. सुट्टीच्या दिवशी ते विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहत आणि उतरणारी, उडणारी विमानं बघत. "डोळ्याला लांबचं बघायला लागतं, नाहीतर तो आखडतो," असं त्यांचं म्हणणं. बाईंचं म्हणणं असं, की लांबचं बघायचं तर गच्चीवर जावं, फुकट आहे. "बससुद्धा येते आणि जाते. तिच्यासाठी कुणी दुर्बीण लावून उभं राहतं का?" लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी त्या कुंपणाकडे एकदाही फिरकल्या नव्हत्या.

आणि आता एकुलती एक लेक नोकरीसाठी सातासमुद्रापार निघाली होती, तर या गृहस्थांनी जाहीर केलं, की मी निरोप कुंपणावरून देणार.

"लेकीला निरोप काय कुंपणावरून देतात?" बाई म्हणाल्या होत्या.

"दारात सगळेच देतात. ती काचेच्या आत गेली की संपलं. मग सगळे आईबाप दोन तास नुसती काच बघत बसतात. मी शेवटपर्यंत बघणार आहे तिला."

"दिसणार आहे का ती?"

"दिसेल. डावीकडची खिडकी घ्यायला लावलीय मी. पंखाच्या पुढची. विमान धावायला लागलं, की तिची बाजू बरोबर कुंपणाकडे येते."

माणसानं इतकी तयारी केली असल्यावर भांडणाला धार राहत नाही. सकाळी टॅक्सीनं विमानतळाच्या दारात पोचल्यावर चष्मेवाल्यांनी लेकीच्या बॅगा उतरवल्या, तिच्या पाठीवर एक थाप मारली, "भेटू मग तिकडे," म्हणाले, आणि त्याच टॅक्सीनं पुढे कुंपणाकडे निघून गेले. बरोबर काळी बॅगही गेली.

बाईंनी आता फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही.

"नाही लागणार, आई," लेक म्हणाली. "ते फोनवर विमानांचा आवाज रेकॉर्ड करतात. मध्येच रिंग वाजू नये म्हणून फ्लाइट मोडवर टाकतात."

विमानात न बसता फोन फ्लाइट मोडवर टाकणारा माणूस आपल्याच वाट्याला यावा, हे बाईंनी मनातच म्हणून घेतलं. काउंटरवरची मुलगी अदबीनं म्हणाली, "मॅडम, तासाभरात काउंटर बंद होईल."

"बाई गं," बाई लेकीला म्हणाल्या, "इथनं हलू नकोस. कुणी काही म्हटलं तरी जागा सोडायची नाही." आणि त्या पळत सुटल्या. लेकीला जवळ घ्यायचं राहिलं, हे त्यांना टॅक्सीचं दार लावल्यावर कळलं.

"कुठे जायचं?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"कुंपणाला."

"कुठल्या?"

"याच्याच, विमानतळाच्या. पूर्वेच्या टोकाला. तिथे लोक विमानं बघत उभे असतात."

"बघत म्हणजे? त्यांना बसायचं असतं?"

"नाही. नुसतं बघायचं असतं."

"कशाला?"

"ते मला कळलं असतं, तर इतकी वर्षं भांडले असते का मी? चला तुम्ही!"

पूर्वेचं टोक त्यांना ठाऊक होतं, ते जेवणाच्या ताटावर ऐकून ऐकून. तिथे गर्दी असते, शिड्या असतात, एका खांबावर लाल दिवा असतो. खांब सापडला. दिवाही होता. गर्दी मात्र नव्हती. तुडवलेल्या गवतावर एक घडीची खुर्ची होती आणि खुर्चीत टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ मोकळ्या आभाळाकडे बघत थर्मासातला चहा पीत होते.

"इथे माणसं असतात ना?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"असतात."

"मग गेली कुठे?"

"वाऱ्यामागे," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

त्यांनी सावकाश खुलासा केला. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उडतं. सकाळपासून वारा पश्चिमेचा होता, तोवर सगळा कारभार या टोकाला चालला होता. मघाशी वारा फिरला. वारा फिरला तशी विमानं फिरली, आणि मंडळी शिड्या उचलून पश्चिमेच्या टोकाला गेली.

"तुम्ही नाही गेलात?"

"मी जात नाही. नोकरीत असताना अकरा गावांना बदल्या झाल्या माझ्या. आता वाऱ्यानं केलेली बदली मी घेत नाही. तो गेलाय तसा येईल परत."

"बरं, माझे यजमान तिकडे गेलेत का, एवढं सांगा. उंच आहेत, केस विरळ झालेत, चष्मा लावतात."

"असे सगळेच आहेत."

बाईंनी नाव सांगितलं. गृहस्थांनी मान हलवली. "नावं आम्ही विचारत नाही."

"चष्म्याचं दुकान आहे त्यांचं."

"धंदाही विचारत नाही."

"मग विचारता तरी काय एकमेकांना?"

"लेन्स कुठली ते."

बाईंनी कपाळाला हात लावला. ज्या माणसाबरोबर पंचवीस वर्षं काढली त्याची खूण अनोळखी माणसाला कशी पटवायची? लेन्स कुठली ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, "अहो, समोरच्याचा चष्मा मळलेला दिसला की त्यांना राहवत नाही. बोलता बोलता नाकावरचा काढून घेतात आणि पुसून परत लावतात!"

"काचकाका!" गृहस्थांचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना. आमच्या सगळ्यांच्या लेन्सा तेच पुसतात." आणि मग ते एकदम खुर्चीतून उठून उभे राहिले. टोपीही काढली. "म्हणजे... तुम्ही टॉवर?"

"कोण?"

"टॉवर हो. विमानांना उतरायची परवानगी देतो तो. काचकाका नेहमी म्हणतात. 'आज टॉवरनं अंधाराच्या आत उतरायला सांगितलंय.' 'आज टॉवर तापलाय, जरा वरच घिरट्या घालतो.'"

 आपल्या पाठीमागे, विमानतळाच्या कुंपणाशी, अनोळखी माणसांत आपण इतकी वर्षं उभ्या आहोत याची बाईंना कल्पनाच नव्हती. राग येण्यासारखी गोष्ट होती. पण राग वेळ खातो, म्हणून तो त्यांनी संध्याकाळसाठी बाजूला ठेवला.

"पश्चिमेच्या टोकाला कसं जायचं?"

"सांगून नाही सापडायचं. गोदामांच्या मागून वाट आहे. चला, मी येतो."

"तुम्ही तर वाऱ्यामागे जात नाही ना?"

"वाऱ्यामागे नाही," खुर्ची मिटत ते म्हणाले. "टॉवरबरोबर जायला हरकत नाही."

खुर्ची टॅक्सीत मावेना. तिचे दोन पाय खिडकीबाहेर काढून टॅक्सी निघाली. गोदामांच्या बोळात वळल्यावर खुर्चीवाले अचानक ओरडले, "थांबवा! थांबवा!"

टॅक्सीवाल्यानं करकचून ब्रेक मारला. बाई दार उघडून अर्ध्या बाहेर. "कुठे आहेत? दिसले?"

खुर्चीवाले वर बोट दाखवत होते. दोन गोदामांच्या फटीतून एक विमान चाकं खाली सोडून जात होतं. "चार इंजिनांचं! हल्ली दिसत नाहीत हो ही."

"काका," बाई बालवाडीतल्या आवाजात म्हणाल्या, "आत बसा. हात आत. डोकं आत." खुर्चीवाले बसले. टॅक्सीवाल्यानंही, कारण नसताना, हात आत घेतला.

पश्चिमेचं टोक म्हणजे कुंपणालगतचा उंचवटा होता. त्यावर पंधरावीस माणसं, तेवढ्याच शिड्या, आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. सर्वांत पुढे, ट्रायपॉडवर फोन लावून, हाताची घडी घालून चष्मेवाले उभे होते. चेहऱ्यावर असं समाधान, की बाईंना वाटलं, आपण चुकीच्या माणसाकडे आलो. दुकानात किंवा घरात हा चेहरा त्यांनी बघितलेला नव्हता.

"अहो!"

चष्मेवाले वळले. रेकॉर्डिंग बिघडलं म्हणून कपाळावर आठी आली होती, ती बायकोला बघून जागीच विरली. "तू? तू आलीस? अगं ये, ये! बरोबर वेळेवर आलीस, आता पाठोपाठ तीन उतरतायत—"

"पासपोर्ट!"

"कुणाचा?"

"तिचा! तुमच्या बॅगेत आहे. पुढच्या कप्प्यात. कुणी ठेवला ते विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. कप्पा उघडला, पासपोर्ट होता, चष्मे पुसायच्या दोन फडक्यांच्या मध्ये. तो हातात घेऊन ते म्हणाले, "पण घाबरू नकोस. तिचं विमान अजून आलेलंच नाही. ते आधी तिकडून येणार, उतरणार, मग हिला घेऊन जाणार. ते आल्याशिवाय ती जाईल कशानं?"

"विमान वर असेल हो! काउंटर खाली आहे, आणि ते बंद होतंय!"

या बाजूनं चष्मेवाल्यांनी कधी विचारच केला नव्हता. विमानाचं सगळं त्यांना माहीत होतं. माणसं विमानात कशी शिरतात, तेवढं सोडून.

ते टॅक्सीकडे धावले. टॅक्सीवाला बोनेटला टेकून मागच्या रस्त्याकडे बघत होता. गोदामांच्या बोळात एक ट्रक आडवा घातला जात होता आणि त्याच्यामागे दुसरा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. "आता अर्धा तास इथनं काही निघायचं नाही," तो म्हणाला.

"मी जाते," मागून आवाज आला.

पंचविशीची एक मुलगी शिडीवरून उतरत होती. कानात इअरफोनचं एक बोंड, एका हातात हेल्मेट. मोटरसायकल कुंपणाला टेकवलेली होती आणि तिच्या मागच्या सीटवर कॅमेऱ्याची लोखंडी पेटी चार बोल्टांनी कायमची बसवलेली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बसायला जागा नव्हती. "ट्रकच्या कडेनं निघते मी. पासपोर्ट द्या."

चष्मेवाले द्यायला निघाले. बाईंनी त्यांचा हात धरला.

बाईंच्या बालवाडीचा एक नियम होता आणि तो त्यांनीच केलेला होता. ओळख पटल्याशिवाय मूल कुणाच्याही हातात द्यायचं नाही. सख्खा काका आला तरी नाही. एकदा त्यांनी एका मुलीच्या वडिलांनाच फाटकाबाहेर उभं केलं होतं, कारण त्यांनी त्या दिवशी मिशी काढली होती.

"हिचं नाव काय?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"रेडिओ. वैमानिकांचं बोलणं ऐकत असते कानात."

"खरं नाव?"

"माहीत नाही."

"राहते कुठे?"

"ते नाही विचारलं कधी."

"किती दिवसांची ओळख आहे?"

"दिवस कसले, वर्षं झाली." चष्मेवाले जरा ओशाळून म्हणाले. "पंचाहत्तर-तीनशेची लेन्स वापरते. काच फार स्वच्छ ठेवते गं."

बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीनं हेल्मेट चढवलं, मोटरसायकल सुरू केली आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "टॉवर, निघायची परवानगी मागतेय."

आजूबाजूचे सगळे बाईंकडे बघत होते. कुणी हसत नव्हतं. बाईंनी पासपोर्ट यजमानांच्या हातातून घेतला, मुलीच्या जॅकेटच्या आतल्या खिशात स्वतः ठेवला, चेन स्वतः गळ्यापर्यंत लावली आणि म्हणाल्या, "हळू जा." मग लगेच, "म्हणजे जोरात जा, पण सांभाळून."

मोटरसायकल ट्रकच्या कडेनं सापासारखी निघून गेली. बाईंनी लेकीला फोन करून सांगितलं, की हेल्मेटवाली मुलगी येतेय, नाव विचारू नकोस, पासपोर्ट घे आणि आत जा. हे सांगताना दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी ट्रककडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. लेक आता आत जाणार. आपण पोचेपर्यंत ती काचेपलीकडेही दिसणार नाही. दारातला निरोप हुकला. ज्या निरोपाची काल संध्याकाळी आपण यथेच्छ टर उडवली, तोच एक आता उरला होता.

खुर्चीवाल्यांनी खुर्ची उलगडून त्यांच्यापुढे ठेवली. त्या बसल्या.

पाठोपाठ येणारी तीन विमानं तेवढ्यात उतरली. आधी दूरवर एक ठिणगी दिसे. ती बराच वेळ जागची हलत नसे, आणि मग एकदम तिला पंख फुटत. चाकं लोंबकळत, पोट डोक्यावरून जाई इतकं खाली, की पत्र्यावरचे खिळे मोजावेत. सावली माणसांवरून सरकन धावून जाई आणि नंतर, विमान गेल्यावर, उशिरानं एक वाऱ्याचा झोत येऊन सगळ्यांचे केस विस्कटून टाकी. चाकं टेकली की धूर उडे, आणि उंचवट्यावरची सगळी माणसं एकदम श्वास सोडत. बाईंनी नीट निरखलं. या लोकांचं त्या विमानातून कुणी येत नव्हतं. कुणाचं कुणी येत नसताना ही माणसं प्रत्येक विमान सुखरूप टेकेपर्यंत श्वास धरून उभी राहत होती. हे बसच्या बाबतीत कुणी करत नाही, एवढं त्यांना मान्य करावं लागलं.

तिसऱ्या विमानाच्या वेळी त्यांनीही श्वास धरला होता. यजमानांनी ते बघितलं, पण शहाण्या माणसासारखे गप्प राहिले.

फोन वाजला. "आई, मिळाला! बॅगा गेल्या, मी आत आले. आई, नीट बोलताच नाही गं आलं—"

"असू दे, असू दे. खाल्लंस का काही?"

"आई..."

"खाऊन घे. आम्ही इथे आहोत. बाबांच्या कुंपणावर. खिडकी डावीकडचीच मिळालीय ना?"

"हो, पंखाच्या पुढची."

फोन ठेवून त्यांनी हे यजमानांना सांगितलं, तेव्हा ते आनंदायच्या ऐवजी पांढरे पडले.

"काय झालं?"

"वारा फिरला ना," चष्मेवाले क्षीण आवाजात म्हणाले. "सगळं उलट झालं. आता विमान इथून तिकडे धावणार. तिची डावी बाजू पलीकडे गेली. आपल्याकडे उजवी बाजू येणार."

"म्हणजे दिसणार नाही?"

 महिनाभर ज्या खिडकीची आखणी केली ती खिडकी वाऱ्यानं उचलून पलीकडे नेऊन ठेवली होती. बाई एरवी अशा वेळी, "तरी मी म्हणत होते," म्हणाल्या असत्या. 

"काचकाका," खुर्चीवाले म्हणाले, "धावताना उजवी बाजू येईल. पण धावण्याआधी विमान इथपर्यंत येणार कसं? तिकडून इकडे. तेव्हा?"

चष्मेवाल्यांनी हवेत बोटानं रेघ ओढली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग दुसऱ्यांदा ओढली. "येताना डावी," ते म्हणाले. आवाज चढला. "अगं, येताना डावी! आणि येताना धावत नसतं ते, रांगत असतं! माणसाच्या चालीनं येतं! ठरवलं होतं त्यापेक्षा चांगलं दिसेल!"

हे कळल्यावर बाई उठल्या. एका शिडीवाल्याची शिडी मागून घेतली, तिच्यावर चढल्या आणि रांगत येणाऱ्या विमानांवर नजर लावून बसल्या. चष्मेवाले खाली बॅगेत वाकून लांब पल्ल्याची लेन्स शोधत होते. तेवढ्यात बाईंना दूर एक मोठं थोरलं विमान नाक पुढे करून सरळ आपल्याकडे येताना दिसलं. पंखावरचे दिवे लुकलुकत होते. बाई शिडीवर ताडकन उभ्या राहिल्या.

"आलं! आलं हो! हात वर करा सगळ्यांनी!"

पंधरावीस माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

"सगळ्यांनी! मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा! तिला दिसायला नको का? वर! अजून वर!"

तीस पोरांना रोज वठणीवर आणणारा आवाज होता तो. कॅमेरे खाली आले, हात वर गेले. खुर्चीवाल्यांनी टोपी हलवली. टॅक्सीवाल्यानं दोन्ही हात हलवले. विमान जवळ आलं, वळणाशी पोचलं, हळूच वळलं आणि त्याची बाजू समोर आली. नाकापासून शेपटीपर्यंत नुसती कोरी पांढरी भिंत.

हात हलत राहिले, पण जरा मंद झाले.

"याला खिडक्या का नाहीत?" बाईंनी विचारलं.

 शेवटी खुर्चीवाले म्हणाले, "सामानाचं आहे, बाई. पार्सलं जातात यातून."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग कुणी बोललात का नाहीत?"

"हात वर करा म्हणालात," शिडीवाला म्हणाला. "केले."

बाईंना हसू आलं. ते आवरताना डोळ्यांतलंही थोडं बाहेर आलं, आणि त्यांनी ते हसण्याच्या खात्यात घातलं. एवढ्यात मोटरसायकलवाली मुलगी परत आली. हेल्मेट काढून ती म्हणाली, "दिला. बारीक आहे तुमची मुलगी. रडत होती, पण रांगेतली जागा सोडली नव्हती."

मग दीडेक तासानं खरं विमान आलं. येतंय हे कुणी सांगायची गरज पडली नाही. रेडिओनं कानावर हात दाबून मान हलवली, आणि चष्मेवाल्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून बायकोच्या गळ्यात घातला. हे बघून एक-दोघांनी नजर दुसरीकडे वळवली. इतक्या वर्षांत तो कॅमेरा दुसऱ्या गळ्यात गेलेला कुणी पाहिला नव्हता.

"पंखाच्या पुढे. एकेक खिडकी मोज. घाई करू नको."

विमान रांगत आलं. डावी बाजू, खिडक्यांची लांबलचक ओळ. बाईंनी डोळा लावला. एक म्हातारा. एक बंद खिडकी. एक मूल, काचेला नाक लावलेलं. पुढची.

"दिसली?" चष्मेवाले कुजबुजले.

"दिसली."

"हात हलवतेय?"

बाईंनी कॅमेरा डोळ्याशी आणखी घट्ट धरला.

"अगं, हलवतेय का?"

"झोपलीय," बाई म्हणाल्या.

"काय?"

"झोपलीय हो. काचेला डोकं टेकून. तोंड उघडं टाकून. गाडीत झोपायची तश्शी."

 गेल्या आठवडाभर पोरगी रात्र रात्र जागी होती. बॅगा भरत होती, उपसत होती, रडत होती, पुन्हा भरत होती. आता कुठे तिला बसायला मिळालं होतं.

उंचवट्यावर सगळे हात हवेत तयार होते. शिडीवाल्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टीची तयारी केली होती. त्याच्याकडे लक्ष जाताच बाईंनी कॅमेऱ्यावरचा डोळा न हलवता दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"कुणी आवाज करू नका," त्या हळूच म्हणाल्या. "उठेल ती."

कुंपणापलीकडे दोन जेट इंजिनं जमीन हादरवत होती. खुर्चीवाल्यांच्या थर्मासाचं झाकण थरथरत होतं. त्या गदारोळात शिट्टीच काय, तोफही ऐकू गेली नसती. तरी शिडीवाल्यानं तोंडातून बोटं काढली. खुर्चीवाल्यांनी टोपी छातीशी धरली. विमान वळलं, क्षणभर थांबलं, गरजलं आणि धावत सुटलं. ढगात ते दिसेनासं होईपर्यंत बाईंनी ओठांवरचं बोट खाली घेतलं नाही, आणि तोवर कुंपणाशी कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही.